रोप लावले, पुढे काय? वहाळकाठच्या झाडीची नोंद आपणच ठेवू या

पावसाळा लागला की वृक्षारोपणाला ऊत येतो. ओळीने खड्डे मारलेले असतात, पाहुणे येतात, रोप हातात धरून फोटो निघतो, भाषणे होतात आणि मंडळी घरोघर जातात. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा नवी रोपे लागतात. मधल्या काळात पहिल्या रोपांचे काय झाले, हे विचारणारा कुणी नसतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत अनुक्रमे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. पुढे त्यातली जगली किती, यावरून विधिमंडळात वाद झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी समिती नेमण्याची वेळ आली. कोटींचा हिशेब सरकारने द्यायचा तेव्हा देवो. पण आपल्या वाडीखालच्या वहाळावर लावलेल्या दोनशे रोपांचा हिशेब आपल्याला ठेवता येणार नाही काय? तो कसा ठेवायचा आणि का ठेवायचा, हे आज पाहू या.

काठ उघडे का पडले?

रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस थोडाथोडका नाही, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभ्याची जमीन, तीव्र उतार आणि जवळ असलेला समुद्र, यामुळे पाणी येते तसे धावत निघून जाते. त्याला वाटेत थोडे थांबवणारी जागा म्हणजे पऱ्या-वहाळांचे झाडीने भरलेले काठ. ते काठच आज जागोजाग बोडके झाले आहेत.

हे एका दिवसात झाले नाही. आपल्याकडे भातशेतीच्या वर पसरलेली वरकस जमीन हीच गुरांची चरण्याची जागा. पावसाळ्यानंतर भात कापले की गुरे मोकळी सुटत. दिवसभर चरून ती पाण्यावर उतरत आणि रोज त्याच वाटेने उतरल्यामुळे काठ खुरांनी तुडवला जाई. काठावरचा कोवळा फुटवा सर्वांत आधी तोंडात जाई, कारण उन्हाळ्यात हिरवे काय ते तेवढेच. त्याशिवाय तरव्यासाठी राब भाजायचा म्हणून झाडांची कवळ तोडायची, चुलीसाठी लाकूडफाटा आणायचा. आपल्या आया-बहिणींनी डोक्यावरून वाहिलेल्या मोळ्यांनीच घरे शिजली. त्याबद्दल त्यांना दोष देणे हा कृतघ्नपणा होईल. पण झाडाला पुन्हा फुटायला उसंत मिळाली नाही, हेही तितकेच खरे.

आता परिस्थिती पालटली आहे. माणसे मुंबई-पुण्याला गेली. गोठे रिकामे झाले. कित्येक वरकस जमिनींवर आंबा-काजूच्या कलमबागा उभ्या राहिल्या, उरलेल्या ओस आहेत. काहींना वाटते, गुरे गेली म्हणजे जंगल आपोआप येईल. तसे घडत नाही. न चरलेले गवत कमरेएवढे वाढते, फेब्रुवारीपर्यंत वाळून कोळ होते आणि मग कुणाच्या तरी विडीने किंवा काडीने वणवा पेटतो. पावसाळ्यात उगवलेले करंज-जांभळाचे रोप त्यात जळून जाते. जिथे वणवा चुकतो तिथे रानमोडी आणि घाणेरी माजते. म्हणजे चराई थांबली एवढ्याने काम होत नाही. तिथून पुढे लक्ष ठेवण्याचे काम सुरू होते.

काठाची झाडी काय करते?

माळावरचे झाड आणि पाण्याकाठचे झाड यांची कामे वेगळी. काठावरच्या मुळ्यांची जाळी मातीला आवळून धरते. पालापाचोळा आणि गवत वरून येणारे गढूळ पाणी अडवते, गाळ तिथेच बसतो. सावलीमुळे डोहातले पाणी फार तापत नाही. पडलेल्या पानांवर बारीक किडे जगतात, किड्यांवर मासे आणि बेडूक जगतात.

निसर्गाने या जागेसाठी आपली माणसे नेमलेली आहेत. ऐन पात्रात दगडांच्या फटीत शेरणीची झुडपे असतात. पुरात ती आडवी होतात, पूर ओसरला की पुन्हा उभी राहतात. पाण्याला लागून करंज, निवर, केवडा, उंबर, जांभूळ. त्याच्या वर बांबूची बेटे, आणि चढावर ऐन व किंजळ. वृक्षारोपणात मात्र पुष्कळदा मिळेल ते रोप येते. सामाजिक वनीकरणाच्या काळात लावलेला ऑस्ट्रेलियन अकेशिया कोकणात सगळीकडे दिसतो. तो झटकन वाढतो, हिरवा दिसतो. पण काठाचे काम करण्यासाठी काठाचीच झाडे हवीत.

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर आपण विसरलेलो नाही. त्या पुराची कारणे अनेक होती. अतिवृष्टी होती, भरती होती, आणि वाशिष्ठी व शिव नद्यांच्या पात्रांत साचलेला गाळही होता. पुरानंतर गाळ उपसण्याचे मोठे काम झाले. ते आवश्यकच होते. पण गाळ नदीत जन्मत नाही. तो वरच्या उतारांवरून आणि उघड्या काठांवरून येतो. वरचे काठ तसेच उघडे ठेवून खाली गाळ उपसत राहणे म्हणजे गळके घर न शाकारता आतले पाणी बाहेर काढत बसणे होय.

वर्षावास कशासाठी?

आपण दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतो, विहारात ग्रंथवाचन करतो. पण वर्षावासाचा नियम का घातला गेला? विनयपिटकातील महावग्गात त्याचे कारण दिले आहे. पावसाळ्यातही भिक्खू चारिका करीत, त्यांच्या पायांखाली कोवळे हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जात, आणि लोकांनी त्याबद्दल तक्रार केली. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. कोवळ्या गवताला वाढायला उसंत द्या, हा विचार त्यात आहे. ज्याला आज शास्त्रज्ञ चराईतून विश्रांती म्हणतात, त्याच्याशी त्याचे नाते सांगण्यासाठी पंडित व्हावे लागत नाही.

सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात, विनाकारण किंवा जीवहत्येसाठी वने जाळू नयेत, असे फर्मावले आहे. त्याने नुसती आज्ञा कोरून ठेवली नाही. धम्माचे काम चालते की नाही हे पाहण्यासाठी धम्ममहामात्र नेमले. पाहणी करणारा माणूस नसेल तर चांगली आज्ञाही दगडावरच राहते, हे त्या राजाला ठाऊक होते. आपल्या वाडीच्या वहाळालाही असे दोन-चार महामात्र हवे आहेत. त्यांना पगार नको, एक वही आणि पेन पुरे.

आधी सातबारा पाहा

वहीची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी एक काम करावे. काठाची जमीन कुणाच्या नावावर आहे हे तपासावे. आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडे आहे. बहुतेक रान खासगी मालकीचे, आणि त्यातही सामाईक. एका सातबारावर पंधरा-वीस नावे, निम्मे वारस मुंबईत. आपण घाम गाळून झाडी उभी करायची आणि दहा वर्षांनी मालकाने लाकूडवाल्याला बोलावून ती विकायची, असे होता कामा नये. म्हणून मालकांची लेखी संमती घ्यावी. जमीन गावाची असेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा आणि त्याची नक्कल जपून ठेवावी.

कोकणातल्या जमिनीचा प्रश्न बाबासाहेबांनी किती जवळून पाहिला होता! १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूण येथे भरलेल्या रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषदेचे ते अध्यक्ष होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा विधिमंडळावर गेला. खोती रद्द करणारा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. जमीन कसणाऱ्याचे नाव कागदावर असणे म्हणजे काय, हे कोकणातल्या कुळांना कुणी शिकवायला नको.

दुसरा प्रश्न तितकाच नाजूक आहे. काठावर चराई बंद केली तर तोशीस कुणाला लागते? ज्याच्या दारात जर्सी गाय आणि विकतचा पेंडा आहे त्याला नाही. दोन शेळ्यांवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या विधवा बाईला लागते. तिला न विचारता घेतलेला बंदीचा निर्णय हा न्याय नव्हे. आणि असा निर्णय टिकतही नाही, कारण पोट थांबत नाही. म्हणून सगळा काठ एकदम बंद न करता एक बाजू आधी बंद करावी. गुरांना पाण्यावर उतरायला एक पक्की वाट मोकळी ठेवावी. बंद भागातले गवत कापून नेण्याचा हक्क सर्वांत आधी भूमिहीनांना द्यावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने मोकळी चराई थांबवली, पण गवत कापून नेण्याची सोय ठेवली. तेच गाव दरवर्षी पाऊस किती पडला, पाणी किती उरले आणि पिके कोणती घ्यायची याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते. आपण त्यांच्याकडून झाडे लावण्याइतकेच हिशेब ठेवणेही शिकावे.

वहीत काय लिहायचे?

वहाळाचा सुमारे दोनशे मीटरचा भाग निवडावा. दहा-दहा मीटरचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या आरंभी जांभ्या दगडावर रंगाने क्रमांक घालावा. त्याच वहाळाचा, जिथे आपण काहीच करणार नाही असा, दुसरा एक भागही निवडावा. त्याला तुलनेचा काठ म्हणू. तो कशासाठी, हे पुढे कळेल. मग पुढील गोष्टी नोंदवाव्यात.

१) जगलेली रोपे. प्रत्येक तुकड्यात लावलेली किती, जिवंत किती, आणि आपोआप उगवलेली किती. उदाहरणादाखल, २०० रोपे लावली आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर ९० जिवंत असली तर प्रमाण ४५ टक्के झाले. मेलेल्या रोपापुढे कारणही लिहावे: गुरांनी खाल्ले, वणव्यात गेले, पुराने नेले, की वाळले. हा रकाना सर्वांत मोलाचा. पुराने नेलेल्यांची संख्या मोठी असेल तर रोपे पाण्याच्या फार जवळ लावली गेली. जळालेली जास्त असतील तर पुढच्या वर्षी रोपांपेक्षा जाळरेषेवर मेहनत घ्यायला हवी.

२) उघडी माती. काठाने सरळ शंभर पावले चालावे. प्रत्येक पावलाला चपलेच्या टोकाखाली काय आले ते सोबत्याने लिहावे: उघडी माती, गवत, पाचोळा, झुडूप किंवा दगड. शंभरांत साठ वेळा उघडी माती आली तर साठ टक्के काठ उघडा. शाळेतली पोरेसुद्धा हे हसत-खेळत करतात.

३) फोटो. ठरलेल्या दगडावर उभे राहून, ठरलेल्या दिशेला तोंड करून, दरवर्षी त्याच महिन्यात फोटो काढावा. आज घरोघरी मोबाईल आहे. फोटोत माणसांची गर्दी नको; काठ दिसला पाहिजे.

४) धार तुटल्याची तारीख. वहाळाचे वाहते पाणी कोणत्या दिवशी थांबले आणि डोह कधी आटला, या दोन तारखा लिहाव्यात. हे काम पाण्यावर जाणाऱ्या बायकांइतके अचूक दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

५) पाण्यातले जीव. पाण्यातला दगड हलकेच उलटून पाहावा. शेपटीला दोन-तीन बारीक तंतू असलेल्या चपट्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या तर पाणी चांगले आहे असे समजावे. खेकडे, बेडूक, चतुर, मासे दिसतील त्यांची नोंद करावी आणि दगड पुन्हा जागच्या जागी ठेवावा.

६) नको असलेली हिरवळ. रानमोडी आणि घाणेरी किती तुकड्यांत आहे हे वेगळे लिहावे. ती हिरवळीच्या खात्यात जमा धरू नये.

दूरदेशीचा दाखला

नुसत्या फोटोंनी काय होणार, असे कुणी म्हणेल. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात हार्ट माउंटन नावाचे अभयारण्य आहे. तिथल्या ओढ्यांकाठी वर्षानुवर्षे गुरे चरत असत. १९९० च्या सुमारास ती चराई बंद झाली. त्यापूर्वीचे जुने फोटो जपून ठेवलेले होते. सुमारे २३ वर्षांनंतर संशोधक ते फोटो घेऊन त्याच जागांवर जाऊन उभे राहिले आणि पुन्हा फोटो काढले. अशा ६४ जोड्या त्यांनी तपासल्या. उघडी माती ९० टक्क्यांनी कमी झालेली आढळली. आपल्याकडच्या वाळुंजाच्या भावकीतील झुडपे पूर्वीच्या जवळजवळ पाचपट झाली होती. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हा बदल घडला तो मुख्यतः गुरे थांबल्यामुळे.

तिथला थंड, कोरडा मुलूख आणि आपले कोकण यांत फरक आहे. तिथली गणिते इथे जशीच्या तशी लागू होणार नाहीत. पण एक धडा घेण्यासारखा आहे. कुणीतरी जुने फोटो काढून, त्यांवर जागा आणि वर्ष लिहून जपले नसते, तर बदल झाला हे सिद्ध करता आले नसते. लोक म्हणाले असते, 'इथे पूर्वीपासून असेच होते.'

आकडे फसवतात तेव्हा

हिशेब ठेवणाऱ्याने खोटा आनंद मानू नये, तशी खोटी निराशाही नको. समजा, यंदा धार पंधरा दिवस उशिरा तुटली. हे आपल्या झाडीमुळे झाले की यंदा परतीचा पाऊस लांबला म्हणून? त्यासाठीच तुलनेचा काठ. तिथेही उघडी माती तेवढीच घटली असेल किंवा डोह तेवढाच टिकला असेल, तर श्रेय पावसाचे. आपल्याच भागात फरक दिसला, आणि तो तीन-चार वर्षे सतत दिसला, तर कामाचे फळ म्हणता येईल. दरवर्षीचा तालुक्याचा पाऊसही म्हणूनच वहीत लिहावा.

दुसरे असे की झाडे स्वतःही पाणी पितात. झाडी वाढली म्हणजे उन्हाळ्यात पाणी वाढलेच, असे वचन वाडीला देऊ नये. काठ ढासळणे थांबेल, गाळ कमी येईल, सावली आणि जीव परततील, हे आधी दिसते. पाण्याचा निवाडा वेळ घेतो.

तिसरे, पहिल्या वर्षाचा आकडा वाईट आला तर तो लपवू नये. ४५ टक्क्यांचे ७५ टक्के करून लिहिले तर कार्यक्रमात टाळ्या मिळतील, पण पुढच्या वर्षी नेमके काय सुधारायचे हे कुणालाच कळणार नाही. मेलेल्या रोपांची खरी संख्या लिहिणारा कार्यकर्ता हा चळवळीचा खरा मित्र.

चार पौर्णिमा, चार फेऱ्या

हे काम रोजचे नाही. वर्षातून चार फेऱ्या पुरेत आणि त्या आपल्या पौर्णिमांना जोडल्या तर कुणी विसरणार नाही.

आषाढ पौर्णिमा: वर्षावास सुरू होतो तेव्हा रोपे लावावीत. जांभळाची बी फार दिवस टिकत नाही, ताजी असतानाच रुजत घालावी. किती रोपे कोणत्या तुकड्यात लावली, हे त्याच दिवशी लिहावे.

आश्विन पौर्णिमा: वर्षावासाची सांगता झाली की पहिली मोजणी. पुराने काय नेले ते इथे कळते. गवत कापून नेण्याचे कामही यानंतर लगेच सुरू करावे.

माघ पौर्णिमा: वणव्याचे दिवस जवळ आलेले असतात. काठाभोवतीचे वाळलेले गवत काढून जाळरेषा पूर्ण झाली की नाही हे पाहावे. धार वाहते आहे की तुटली, लिहावे.

वैशाख पौर्णिमा: बुद्धजयंतीला चाकरमानी गावी आलेले असतात. ही मोठी मोजणी. शंभर पावले, फोटो, जिवंत रोपे, सर्व काही. जयंतीच्या सभेत पाच मिनिटे राखून ठेवून वर्षाचा हिशेब वाचून दाखवावा. मुंबईच्या शाखेलाही त्याची एक प्रत जावी.

एक जाणती बाई, एक तरुण आणि एक शाळकरी मूल अशी तिघांची जोडणी करावी. बाईला काठ ठाऊक असतो, तरुणाला मोबाईल येतो आणि मुलाला पुढची वीस वर्षे ही वही सांभाळायची असते.

नोंद म्हणजे हक्क

ही सगळी यातायात झाडांसाठीच आहे असे नाही. उद्या त्या काठावर कुणी जेसीबी लावला, झाडी तोडून मातीचा भराव टाकला, तर आपण तक्रार कशाच्या बळावर करणार? 'पूर्वी इथे झाडे होती' हे तोंडी बोलणे कचेरीत टिकत नाही. तारीखवार वही, क्रमांकाचे दगड, दरसालचे फोटो आणि ग्रामसभेचा ठराव समोर ठेवला तर साहेबालाही दोनदा विचार करावा लागतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांच्या माहितीतून नोंदवही तयार करायची असते. त्या समितीत आपल्या वाडीचा माणूस आहे काय, आपला वहाळ त्या नोंदवहीत आहे काय, हे विचारा. सरकारी खात्याने तुमच्या गावात रोपे लावली असतील तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करून किती लावली, किती जगली, खर्च किती झाला, हे मागता येते. त्या उत्तरापुढे आपली वही ठेवा. दोन्ही आकडे जुळले तर आनंदच आहे. जुळले नाहीत तर ग्रामसभेत प्रश्न विचारायला आपल्याजवळ पुरावा आहे.

बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये आणि सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये आपली बाजू मांडली, ती आकडे आणि पुरावे घेऊन. नुसत्या गाऱ्हाण्यावर त्यांनी कधी भिस्त ठेवली नाही. त्यांची लेकरे म्हणवणाऱ्या आपण वाडीच्या पाण्याच्या बाबतीत तरी तो वसा घ्यावा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारातून सरळ घरी न जाता दहा जणांनी वहाळावर जावे. एक शंभर पानी वही, रंगाचा लहान डबा आणि एक मोबाईल सोबत घ्यावा. रोपे नंतर मिळतील. आज काठ किती उघडा आहे तेवढे पहिल्या पानावर लिहा, खाली सर्वांनी सह्या करा आणि वही विहाराच्या कपाटात ठेवा.

जय भीम!